सूर्यापासून वीज, गारवा आणि हायड्रोजन एकत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशी तिहेरी यंत्रणा आखायला बसलेले विद्यार्थी आणि तरुण अभियंते मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. आकडेमोड मुद्दाम साधी ठेवली आहे. कागद-पेन्सिल घेऊन ती पडताळून पाहा आणि तुमचे आकडे घालून पुन्हा करा.

एकाच यंत्रणेतून या तीन गोष्टी निघतात कशा?

मूळ कल्पना तापमानाच्या उतरंडीची आहे. आरशांनी ऊन एकवटून तेल किंवा मीठ तापवायचं. सगळ्यात गरम उष्णता टर्बाइनला द्यायची, त्यातून वीज काढायची. टर्बाइनमधून बाहेर पडणारी उष्णता वाऱ्यावर न सोडता ॲब्सॉर्प्शन चिलरला द्यायची. तो उष्णतेवर चालून थंड पाणी देतो. विजेतला काही भाग इलेक्ट्रोलायझरला जातो आणि तिथे पाण्यापासून हायड्रोजन वेगळा होतो.

दुसरा मार्ग जास्त सरळ आहे: सौर पॅनेल, त्यांच्या विजेवर साधा कॉम्प्रेसरचा चिलर आणि इलेक्ट्रोलायझर. शोधनिबंधांत या मार्गाची फारशी चर्चा होत नाही, पण तुमच्या रचनेला टक्कर द्यायची असते ती याच्याशीच. पुढे यावर सविस्तर येतो.

ही कल्पना नवी आहे का?

तीन उत्पादनांची सांगड नवी आहे, पण उन्हापासून गारवा हा प्रकार जुना आहे. फर्दिनां कारे यांनी १८५९ मध्ये अमोनिया आणि पाण्यावर चालणाऱ्या बर्फयंत्राचं पेटंट घेतलं. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ओग्युस्तँ मुशो यांनी मोठ्या शंकूच्या आकाराच्या आरशाने वाफ करून, तशाच यंत्राच्या मदतीने उन्हातून बर्फाची लादी काढून दाखवली. आजचा सौर ॲब्सॉर्प्शन चिलर तत्त्वतः तेच करतो.

तिन्ही उत्पादनांची ऊर्जा बेरीज करून कार्यक्षमता सांगितली तर चालेल का?

नाही. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी दिशाभूल इथेच होते, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि तुम्ही ७ अंशांचं थंड पाणी बनवता आहात. आदर्श यंत्राला त्या गारव्याच्या एका युनिटसाठी किती वीज लागेल? केल्विनमध्ये ३०८ वजा २८०, भागिले २८०, म्हणजे ०.१ युनिट. थोडक्यात, अशा गारव्याचं एक युनिट विजेच्या एक दशांश युनिटाच्या मोलाचं आहे. हेच उणे २० अंशांच्या शीतगृहासाठी काढलं तर ०.२२ येतं. ९० अंशांच्या उष्णतेचं मोल सुमारे ०.१५, आणि ३९० अंशांच्या तेलातल्या उष्णतेचं जवळपास ०.५४. या मोलाला एक्सर्जी म्हणतात. हा शब्द झोरान रांट यांनी १९५६ मध्ये रूढ केला.

आता शंभर युनिट उन्हातून ६ युनिट वीज, ४ युनिट हायड्रोजन आणि ३५ युनिट गारवा निघाला, तर बेरीज होते ४५ टक्के. ऐकायला छान वाटतं. मोलाने मोजलं तर गारव्याचे ३५ युनिट साडेतीनवर येतात आणि एकूण आकडा तेरा-चौदाच्या आसपास उरतो. दोन्ही आकडे सांगा, पण दोन यंत्रणांची तुलना करताना मोलाचाच आकडा वापरा.

बेरजेत आणखी एक चूक लपलेली असते. इलेक्ट्रोलायझरला दिलेली वीज 'वीज' म्हणून मोजली जाते आणि त्यातून निघालेला हायड्रोजन 'हायड्रोजन' म्हणून पुन्हा मोजला जातो. पंप, आरसे फिरवणाऱ्या मोटारी आणि कूलिंग टॉवरचे (पाणी उडवून नको असलेली उष्णता हवेत सोडणाऱ्या मनोऱ्याचे) पंखे वजा करायचेही राहून जातात. एखादा आकडा फारच देखणा दिसला की मी आधी या दोन जागा तपासतो.

रचनेची सुरुवात कुठून करावी?

गरजेपासून. कुठला आरसा आणि कुठला द्रव, हे नंतर ठरतं. गारवा किती, कोणत्या तापमानाचा आणि दिवसाच्या कोणत्या तासांना हवा आहे? हायड्रोजन कोण वापरणार आहे, किती दाबाला, किती शुद्ध? वीज रात्रीही लागते का? ही उत्तरं तासागणिक लिहून काढा. वर्षाचे ८७६० तास असतात आणि ते सगळे मांडावे लागतात. हायड्रोजन घेणारा ठरलेला नसेल, तर तिसरं उत्पादन कागदावरूनच काढून टाका. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण वापर नसलेल्या हायड्रोजनसाठी आखलेली यंत्रणा पुढे कुणीही चालवत नाही.

ऊन कोणतं मोजायचं?

आरसे वापरणार असाल तर फक्त थेट किरणं धरा. ढगांतून आणि धुरकट हवेतून विखरून येणारा प्रकाश आरशाला एकवटता येत नाही. पॅनेलला मात्र तोही चालतो. दमट किंवा धुळीच्या हवेत एकूण ऊन भरपूर दिसतं आणि थेट ऊन त्या मानाने बरंच कमी असतं. एकूण उन्हाचा आकडा घेऊन आरशांचं क्षेत्र ठरवलं की सगळा हिशोब पहिल्याच पायरीवर फसतो.

कोणता कलेक्टर घ्यावा?

कलेक्टर म्हणजे ऊन पकडून त्याची उष्णता देणारा भाग. ज्या तापमानाची गरज आहे त्याच्या जरा वरचा घ्या. निर्वात नळ्यांचे कलेक्टर शंभर अंशांपर्यंत सहज जातात आणि एका पायरीच्या (उष्णता एकदाच वापरणाऱ्या) चिलरला तेवढं पुरतं. लांब पन्हाळीसारखे परवलयाकार आरसे तेलावर सुमारे ३९० अंशांपर्यंत चालवतात. त्यापुढे तेल विघटित होऊ लागतं. मनोरा आणि भोवती आरशांचं शेत असेल तर सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचं ६०:४० मिश्रण ५६५ अंशांपर्यंत नेता येतं. हे मीठ २२० ते २४० अंशांच्या दरम्यान गोठतं, त्यामुळे रात्री नळ्या रिकाम्या करण्याची किंवा तापवत ठेवण्याची सोय करावीच लागते. उगाच जास्त तापमान मागू नका. कलेक्टर जितका गरम, तितकी त्याची उष्णतेची गळती जास्त.

टर्बाइनची 'वाया जाणारी' उष्णता चिलरला दिली, म्हणजे गारवा फुकट मिळाला ना?

फुकट मिळत नाही. वायाच जाणारी उष्णता कंडेन्सरमधून (टर्बाइनमधून आलेली वाफ पुन्हा द्रव करणाऱ्या भागातून) ३५-४० अंशांना बाहेर पडते आणि तिच्यावर चिलर चालत नाही. चिलरला ९० अंश हवेत, म्हणजे कंडेन्सर तितका गरम ठेवावा लागतो. मग टर्बाइनच्या दोन टोकांमधला तापमानाचा उतार कमी होतो आणि वीज घटते.

एक उदाहरण घेऊ. हजार चौरस मीटर आरसे, थेट ऊन ८०० वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे ८०० किलोवॅट. त्यातली सुमारे ५०० किलोवॅट उष्णता १८० अंशांना हाती येते. तिच्यावर सेंद्रिय द्रवाचं रँकिन चक्र, म्हणजे ओआरसी, चालवलं; यात पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरते. कंडेन्सर ३५ अंशांना असेल तर आदर्श मर्यादा ३२ टक्के. प्रत्यक्षात त्याच्या निम्मी धरा, म्हणजे १६ टक्के, ८० किलोवॅट वीज. आता कंडेन्सर ९५ अंशांना नेला. आदर्श मर्यादा १९ टक्क्यांच्या खाली आली, प्रत्यक्षात सुमारे १० टक्के, ५० किलोवॅट वीज. उरलेल्या ४५० किलोवॅट उष्णतेतली गळती सोडून ती ०.७ च्या कामगिरीच्या (म्हणजे एक युनिट ऊर्जा घेऊन ०.७ युनिट गारवा देणाऱ्या) चिलरला दिली, तर सुमारे ३०० किलोवॅट गारवा मिळतो.

म्हणजे ३० किलोवॅट वीज सोडून ३०० किलोवॅट गारवा घेतला. त्याच ३० किलोवॅटवर कॉम्प्रेसरचा चिलर चालवला असता, तर चारच्या कामगिरीने १२० किलोवॅट मिळाला असता. एकदा आरसे आणि टर्बाइन घ्यायचं ठरलंच असेल, तर चिलर जोडणं नक्कीच शहाणपणाचं आहे.

आता खरी तुलना. त्याच हजार चौरस मीटरवर पॅनेल लावले. त्या वेळी पॅनेलच्या पृष्ठावर विखुरलेल्या प्रकाशासह ९०० वॅट पडत असतील. २० टक्के कार्यक्षमता, त्यातून पॅनेल तापल्यामुळे होणारी घट आणि इन्व्हर्टरचं नुकसान वजा करून सुमारे १६० किलोवॅट वीज येते. ३०० किलोवॅट गारव्यासाठी कॉम्प्रेसरच्या चिलरला ७५ किलोवॅट द्या. हातात ८५ किलोवॅट उरले. आरशांच्या मार्गाने उरले होते ५०. एक किलो हायड्रोजनला ५३ युनिट (किलोवॅट-तास) वीज धरली, तर तासाला १.६ किलो विरुद्ध ०.९ किलो.

हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मला तो चुकलाच असं वाटलं. तीन वेळा तपासला. तो बरोबर होता.

मग उष्णतेचा मार्ग कोणी का घ्यावा?

कारण वरचा हिशोब भर दुपारच्या एका क्षणाचा आहे. रात्रीचा प्रश्न आला की चित्र बदलतं. गरम मिठाच्या टाकीत उष्णता तासन् तास टिकते. स्पेनमधला खेमासोलार हा १९.९ मेगावॅटचा मनोऱ्याचा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. त्याच्याकडे १५ तासांची मिठाची साठवण आहे आणि त्याने दिवसरात्र सलग वीज देऊन दाखवली. वीज, गारवा आणि हायड्रोजन तिन्ही चोवीस तास हवे असतील, तर उष्णतेची साठवण गंभीरपणे मांडावी.

कारखान्याला वाफ किंवा गरम पाणीही हवं असेल, तर आरशांची बाजू आणखी भक्कम होते. आणि तिसरं कारण मला सगळ्यात सुंदर वाटतं: वाफेचं विद्युत-अपघटन.

सॉलिड ऑक्साइड इलेक्ट्रोलायझर ७०० ते ८५० अंशांना चालतो आणि पाण्याऐवजी वाफ फोडतो. पाणी फोडायला हायड्रोजनच्या किलोमागे किमान ३९.४ युनिट लागतात, वाफ फोडायला सुमारे ३३.३. मधले सहा युनिट म्हणजे नऊ किलो पाण्याची वाफ करायची उष्णता. ती विजेने न देता उन्हाने देता येते. लोकांना वाटतं की त्यासाठी आरशांनी ८०० अंश गाठले पाहिजेत. तसं नाही. वाफ दीडशे अंशांना तयार झाली तरी चालते. पुढचं तापमान बाहेर पडणाऱ्या गरम वायूंकडून परत घेता येतं आणि इलेक्ट्रोलायझरच्या घटात (सेलमध्ये) होणारं विजेचं नुकसानच त्याला गरम ठेवतं. टर्बाइनमधून मध्येच काढलेली वाफ इथे देणं, ही उतरंडीची खरी सार्थक जागा आहे. अडचण इतकीच की हे घट सततच्या तापण्या-निवण्याने तडकतात, म्हणून त्यांना रोज बंद करणं परवडत नाही.

चिलर कोणता?

वातानुकूलनासाठी लिथियम ब्रोमाइड आणि पाणी. एका पायरीचा चिलर ७५ ते ९५ अंशांवर चालतो, कामगिरी ०.६ ते ०.७५. दोन पायऱ्यांच्या चिलरला १४० ते १८० अंश लागतात, कामगिरी १ ते १.३. शून्याखाली जायचं असेल तर अमोनिया आणि पाणी घ्यावं लागतं, कारण पहिल्या जोडीत शीतक म्हणून पाणीच असतं आणि ते गोठतं. साठ-सत्तर अंशांचीच उष्णता असेल तर सिलिका जेलचा ॲडसॉर्प्शन चिलर; यात पाण्याची वाफ द्रावणाऐवजी घन कणांना चिकटते. यंत्र अवजड, कामगिरी ०.५ च्या आसपास.

लिथियम ब्रोमाइडबद्दल एक गोष्ट चालवणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी. त्याचं द्रावण साठ टक्क्यांच्या वर घट्ट झालं आणि अचानक गार झालं की त्यात स्फटिक धरतात. दुपारी आरसे जोरात असताना कूलिंग टॉवरचं पाणी एकदम थंड झालं, किंवा वीज गेली आणि पंप थांबला, की हे घडतं. उष्णता-विनिमयकाची अरुंद वाट तुंबते. चिलरच्या जनरेटरमध्ये (द्रावण तापवून त्यातलं पाणी उडवणाऱ्या भागात) द्रावणाची पातळी चढत जाते आणि शेवटी ते वळणाच्या नळीतून थेट शोषकात (द्रावण वाफ शोषून घेतं त्या भागात) सांडतं. त्या नळीला हात लावून पाहिलं तर ती एरवी कोमट असते, आणि त्या क्षणी चटका बसतो. ते गरम द्रावण शोषकातून फिरून पुन्हा तुंबलेल्या जागी येतं आणि स्फटिक विरघळवतं. पण रचनाकाराने त्या नळीवर विसंबू नये. टॉवरच्या पाण्याचं तापमान एका मर्यादेखाली जाऊ न देणारा तीन वाटांचा व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून आराखड्यात हवा.

ढग आला की इलेक्ट्रोलायझरचं काय होतं?

पॅनेलवर थेट जोडलेल्या यंत्रणेत वीज काही सेकंदांत निम्म्याहून खाली येऊ शकते. अल्कलाइन प्रकारात यामुळे अडचण होते आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या घटात २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं आणि दोन विद्युतअग्रांमध्ये सच्छिद्र पडदा. थोडा हायड्रोजन त्या पडद्यातून सतत ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो. हे झिरपणं विद्युतप्रवाह कमी झाला तरी फारसं घटत नाही. मात्र ऑक्सिजन तयार होणं घटतं. त्यामुळे ऑक्सिजनमधल्या हायड्रोजनचं प्रमाण वाढू लागतं: अर्धा टक्का, एक, दीड. चार टक्क्यांना मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून दोन टक्क्यांच्या आसपास यंत्रणा स्वतःला बंद करते. ऊन परत येतं, यंत्र तसंच बंद असतं.

पीईएम प्रकार (यात द्रावणाऐवजी प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा असतो) हे चढउतार बराच चांगला सोसतो आणि हायड्रोजन ३० बारच्या दाबाला देऊ शकतो, पण त्याला इरिडियम आणि प्लॅटिनम लागतात. अल्कलाइन घ्यायचा असेल तर मध्ये लहानशी बॅटरी ठेवा. ढग सरकेपर्यंतची काही मिनिटं निभावली तरी पुष्कळ. किंवा एका मोठ्या संचाऐवजी तीन-चार छोटे संच घ्या आणि ऊन उतरलं की एकेक बंद करत जा.

इलेक्ट्रोलायझरची क्षमता पॅनेलइतकीच ठेवावी का?

नको. पॅनेलचं शिखर वर्षातून मोजके तास टिकतं. त्याच्या साठ-सत्तर टक्के क्षमतेचा इलेक्ट्रोलायझर घेतला तरी फार थोडी वीज हुकते आणि महागडं यंत्र जास्त तास भरलेलं राहतं. 'उरलेल्या विजेवर हायड्रोजन करू' हा विचार गोड आहे, पण उरलेली वीज दिवसातून दोन तास मिळत असेल, तर यंत्राचा सगळा खर्च त्या दोन तासांवर पडतो.

एक किलो हायड्रोजनला किती वीज आणि पाणी?

आजच्या यंत्रांत ५० ते ५५ युनिट वीज. पाणी हिशोबाने नऊ किलो, शुद्धीकरणातलं नुकसान धरून जास्त. सोबत आठ किलो ऑक्सिजन निघतो. जवळ घेणारा कोणी असेल तर तो वाया घालवू नका.

इलेक्ट्रोलायझरच्या उष्णतेवरही गारवा करता येईल का?

येतो, पण हिशोब पाहा. किलोमागे सुमारे १३ युनिट उष्णता ६० ते ८० अंशांना निघते. सगळी पकडली तरी ॲडसॉर्प्शन चिलरमधून सहा युनिट गारवा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या भाषेत दीड युनिट वीज. त्रेपन्नातले दीड वाचवायला एक अवजड यंत्र. मी बहुतेक वेळा हो म्हणत नाही. ती उष्णता पाणी तापवायला मात्र जरूर वापरावी.

कोरड्या प्रदेशात हायड्रोजनमुळे पाण्यावर ताण येईल का?

लोक बोट हायड्रोजनकडे दाखवतात, पण पाणी पितो तो कूलिंग टॉवर. एक युनिट उष्णता बाष्पीभवनाने टाकायला सुमारे दीड लिटर पाणी उडतं. ०.७ कामगिरीच्या चिलरला गारव्याच्या एका युनिटामागे २.४ युनिट उष्णता टाकावी लागते, म्हणजे साडेतीन लिटरहून जास्त. आपला ३०० किलोवॅटचा चिलर आठ तास चालला तर साडेआठ हजार लिटरच्या पुढे. तेवढ्या वेळात तासाला ०.९ किलोच्या हिशोबाने तयार झालेल्या हायड्रोजनने फक्त सत्तरएक लिटर घेतले. कॉम्प्रेसरच्या चिलरला १.२५ युनिटच टाकावं लागतं, म्हणून त्याचं पाणी जवळपास निम्मं. जिथे ऊन उत्तम असतं तिथे पाणी दुर्मीळ असण्याची शक्यता मोठी, म्हणून हा आकडा पहिल्याच पानावर लिहा. हवेने थंड होणारा कंडेन्सर घेतला तर पाणी वाचतं, पण लिथियम ब्रोमाइडचं यंत्र तापलेल्या हवेत स्फटिकांच्या मर्यादेजवळ जातं.

साठवण उष्णतेची, गारव्याची, विजेची की हायड्रोजनची?

आधी थंड पाण्याची टाकी पाहा. आठ अंशांच्या फरकाने एक घनमीटर पाण्यात नऊ युनिट गारवा मावतो, टाकी साधी, बिघडण्यासारखं काही नाही. बर्फात त्याच्या सुमारे दहापट मावतो. हायड्रोजन वजनाला हलका पण जागा फार मागतो: वातावरणाच्या दाबाला एका किलोला अकरा-बारा घनमीटर लागतात. ३५० बारला एका घनमीटरमध्ये सुमारे २४ किलो बसतो, पण दाबायला वीज जाते.

रात्री हायड्रोजनपासून परत वीज करावी का?

रोजच्या रात्रीसाठी नको. ५३ युनिट घालून केलेल्या किलोतून फ्युएल सेलमध्ये १६-१७ युनिट परत मिळतात, दाबण्याचा खर्च वेगळाच. हायड्रोजन जिथे हायड्रोजन म्हणूनच लागतो, तिथे तो द्या.

कोणतं सॉफ्टवेअर वापरावं, आणि ऑप्टिमायझेशनचं काय?

द्रवांच्या गुणधर्मांसाठी कूलप्रॉप मोफत आहे, सौर भागासाठी सिस्टम ॲडव्हायझर मॉडेलही मोफत आहे. तासागणिक जोडणीसाठी ट्रान्सिस बराच वापरलं जातं. जेनेटिक अल्गोरिदमने (पर्याय पुन्हा पुन्हा बदलत चांगले निवडणाऱ्या गणिती पद्धतीने) कार्यक्षमता आणि खर्च यांची पॅरेटो रेषा, म्हणजे एक सुधारलं की दुसरं बिघडतं अशा सर्वोत्तम पर्यायांची रेषा, काढणं आता सोपं झालं आहे. पण बहुतेक जण ती दुपारी बाराच्या एका स्थितीसाठी काढतात. त्या स्थितीला सर्वोत्तम ठरलेली टर्बाइन सकाळी नऊला अर्ध्या भारावर कशी चालते, ते कुणी पाहत नाही. वर्षभर चालवून पाहा. आणि प्रत्येक वेळी पॅनेल, कॉम्प्रेसरचा चिलर आणि इलेक्ट्रोलायझर ही साधी यंत्रणा त्याच गरजेसाठी, त्याच हवामानात शेजारी चालवा. ती तुलना नसलेला निबंध मी बाजूला ठेवतो.

सुरक्षेचं काय?

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के अशा प्रचंड पट्ट्यात पेट घेतो आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. तो वर चढतो, म्हणून छताला उघडी वाट हवी आणि गळतीचे संवेदक वरच्या बाजूला. कलेक्टरचं गरम तेल ज्वलनशील असतं. त्याच्या नळ्या आणि इलेक्ट्रोलायझरची खोली यांत अंतर ठेवा. अमोनिया विषारी आहे, त्याला वेगळी जागा द्या. तिन्ही गोष्टी एका शेडमध्ये कोंबलेला आराखडा पाहिला की मला धास्ती वाटते.

लहान प्रमाणावर, म्हणजे एखाद्या इमारतीपुरतं, हे करता येईल का?

पॅनेलच्या मार्गाने येईल. टर्बाइनच्या मार्गाने नको, कारण अगदी कमी क्षमतेत ओआरसीची कार्यक्षमता ढासळते आणि पंपच तिच्यातला मोठा वाटा खातात. इमारतीपुरतं करायचं तर पॅनेल, कॉम्प्रेसरचा चिलर आणि मोठी थंड पाण्याची टाकी यांपासून सुरुवात करा. वर्षभर मीटर लावून नोंदी ठेवा. कोणत्या महिन्यांत, कोणत्या तासांना किती वीज शिल्लक राहते ते त्या नोंदींतून कळेल, आणि इलेक्ट्रोलायझर किती मोठा घ्यायचा किंवा घ्यायचाच की नाही, ते त्यावरून ठरवता येईल.